गर्भिणीचे ताट आणि रक्तातील साखर

आपल्या समाजात गर्भवती स्त्रीच्या खाण्यापिण्याविषयी जितके बोलले जाते, तितके दुसऱ्या कुणाच्या खाण्याविषयी क्वचितच बोलले जात असेल. एरवी तिला काय आवडते हे घरात फारसे कुणाला ठाऊक नसते. परंतु दिवस गेल्याचे कळताच तिचे डोहाळे विचारले जातात, डोहाळजेवणाच्या दिवशी तिच्यापुढे पक्वान्नांचे ताट मांडले जाते आणि 'दोन जिवांची आहेस, दोघांचे जेव' असा प्रेमळ आग्रह होतो. पुष्कळदा त्याच घरात 'फार खाऊ नकोस, मूल मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल' असाही उपदेश तिला ऐकावा लागतो. आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले घेऊन बसण्याची तिची रीत डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत सुरू होते. अलीकडच्या काळात ह्या दोन उपदेशांत तिसऱ्याची भर पडली आहे. तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली, की 'गोड खाल्लेस म्हणून हे झाले' असे तिला सांगण्यात येते.

वरवर पाहता हे तिन्ही उपदेश परस्परविरोधी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. जे काही घडते ते त्या नऊ महिन्यांत घडते, आणि त्याची जबाबदारी त्या एकट्या बाईची, ही ती समजूत होय. ती कितपत खरी आहे, हे पाहावयाचे तर गेल्या दोनशे वर्षांत ह्या प्रश्नाचा शोध कसकसा लागत गेला हे पाहिले पाहिजे. मी वैद्य नव्हे. इतिहासाचा विद्यार्थी आणि सरकारी दप्तराशी रोजचा संबंध असलेला माणूस आहे. तथापि ह्या शोधात प्रयोगशाळेइतकाच धुळीत पडलेल्या नोंदवह्यांचाही वाटा आहे, म्हणूनच ह्या विषयावर दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना ह्या प्रश्नाची दोन्ही टोके ठाऊक होती. चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत गर्भिणीचा आहार महिन्यागणिक सांगितलेला आहे; दूध, लोणी, तूप ह्यांचा क्रम लावून दिला आहे. गर्भिणीला सुश्रुत 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदये असलेली, म्हणतो आणि तिच्या इच्छा अपुऱ्या राहू देऊ नयेत असे बजावतो. दुसऱ्या बाजूस प्रमेहाचे वर्णनही ह्याच ग्रंथांत आहे. रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण चरकाने नोंदविले आहे; आणि प्रमेह दोन प्रकारचा असतो, एक जन्मतः येणारा व दुसरा अपथ्यामुळे जडणारा, पहिल्याचा रोगी बहुधा कृश तर दुसऱ्याचा बहुधा स्थूल, असा मार्मिक भेद सुश्रुताने केला आहे. परंतु गर्भिणीचा आहार एका प्रकरणात आणि प्रमेह दुसऱ्या प्रकरणात राहिला. ह्या दोन प्रकरणांची गाठ पडावयास फार मोठा काळ जावा लागला.

ती गाठ पडल्याचे पहिले ठळक उदाहरण युरोपातील आहे. १८२४ साली बर्लिन येथे हाइनरिख बेनेविट्झ नावाच्या तरुण वैद्याने आपला प्रबंध लॅटिन भाषेत सादर केला. त्याच्या देखरेखीखालील एका गर्भवतीला न शमणारी तहान लागत असे आणि तिच्या मूत्रात साखर आढळली होती. मूल जन्मले ते बारा पौंड वजनाचे आणि प्रसूतीतच दगावले. आई मात्र वाचली, आणि बाळंतपणानंतर तिच्या मूत्रातील साखर नाहीशी झाली. मधुमेह हे ह्या स्त्रीच्या बाबतीत गर्भारपणाचेच एक लक्षण होते, असा निष्कर्ष बेनेविट्झने काढला. साखर गर्भारपणात येते, बाळंतपणानंतर जाते आणि मूल अवाजवी मोठे होते, ह्या तिन्ही गोष्टी त्याच्या एका रोगिणीत एकत्र दिसल्या होत्या. पुढे १८८२ साली लंडनमध्ये मॅथ्यूज डंकन ह्या प्रसूतितज्ज्ञाने मधुमेही गर्भवतींची माहिती एकत्र करून मांडली, तेव्हा माता आणि अर्भके ह्या दोहोंच्या मृत्यूचे प्रमाण पाहून ऐकणाऱ्यांचा थरकाप उडाला असेल.

त्या काळी उपाय म्हणून वैद्यांच्या हाती आहाराखेरीज काहीच नव्हते. आणि आहार म्हणजे वस्तुतः उपासच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन ह्यांनी मधुमेहाच्या रोग्यांना जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे रोग्याचे आयुष्य थोडे लांबे, पण ते अस्थिपंजराचे आयुष्य असे. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळे करण्याचा उद्योग आरंभिला आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. त्यानंतर चित्र पालटले. मधुमेही स्त्रिया जगू लागल्या, गर्भवती होऊ लागल्या आणि बाळंतपणातून सुखरूप बाहेर पडू लागल्या. परंतु आई वाचली तरी मूल वाचेलच असा भरवसा अजूनही नव्हता. बॉस्टन येथे जॉस्लिन ह्यांच्या दवाखान्यात १९२४ पासून काम करणाऱ्या प्रिसिला व्हाइट ह्या बाईंनी आपले सारे आयुष्य ह्याच एका प्रश्नाला वाहिले. आईची साखर जितकी काटेकोरपणे ताब्यात ठेवावी तितकी मुले अधिक वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले.

असे का व्हावे, ह्याचा उलगडा कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन ह्यांनी १९५२ साली केला. त्यांचे म्हणणे समजावयास सोपे आहे. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून आईच्या रक्तात साखर अधिक झाली की बाळाच्या रक्तातही ती अधिक होते, आणि तिला तोंड देण्यासाठी बाळाचे इवलेसे स्वादुपिंड आपले स्वतःचे इन्शुलिन भराभर निर्माण करू लागते. ह्या इन्शुलिनामुळे बाळाच्या अंगावर मेद चढतो आणि ते जड होते. जन्मानंतर नाळ तुटताच साखरेचा पुरवठा एकाएकी थांबतो, इन्शुलिन मात्र चालूच राहते, आणि बाळाची साखर धोकादायक रीतीने खाली येते. बेनेविट्झच्या बारा पौंडी बालकाचे कोडे सव्वाशे वर्षांनी असे उकलले.

येथे गर्भारपणातील एक स्वाभाविक व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात प्रत्येकच स्त्रीच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. वारेतून स्रवणारी द्रव्ये ही गोष्ट घडवून आणतात. हा काही बिघाड नव्हे. आईच्या स्नायूंनी साखर झटपट वापरून टाकू नये, ती बाळासाठी रक्तात उपलब्ध असावी, अशी ही निसर्गाची योजना आहे. तिची भरपाई म्हणून आईच्या स्वादुपिंडाला एरवीपेक्षा कितीतरी अधिक इन्शुलिन तयार करावे लागते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाजवळ तेवढी शिल्लक असते तिची साखर ताब्यात राहते. जिच्याजवळ नसते तिची वाढते. गर्भारपण ही अशा रीतीने शरीराच्या ठेवीची परीक्षाच होय. ही ठेव कोठून येते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याकडे वैद्यकाचे लक्ष वळावयास आणखी चाळीस वर्षे लागली.

दरम्यान मोजमापाचे काम पुढे चालले होते. १९६४ साली बॉस्टनमध्ये ओसलिव्हन आणि मॅहन ह्यांनी ७५२ गर्भवतींना साखरेचे पाणी पाजून, ठराविक वेळाने रक्त तपासून, साखर किती झाली असता ती अधिक म्हणावी ह्याच्या मर्यादा आखून दिल्या. मात्र ह्या मर्यादा त्यांनी त्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा संभव किती ह्यावरून ठरविल्या होत्या. बाळाचे काय होते ह्यावरून नव्हे. बाळाच्या दृष्टीने मोजणी व्हावयास २००८ साल उजाडले. नऊ देशांतील तेवीस हजारांहून अधिक गर्भवतींच्या पाहणीत असे दिसले, की आईची साखर जसजशी वाढते तसतसे बाळाचे वजन आणि बाळंतपणातील अडचणी क्रमाक्रमाने वाढत जातात. 'येथपर्यंत निर्धास्त आणि येथून पुढे धोका' अशी स्पष्ट सीमारेषा निसर्गाने आखलेली नाही. साखर थोडीशीच वाढलेल्या गर्भवतींना आहाराचा सल्ला, साखरेची नियमित मोजणी आणि जरूर तेथे इन्शुलिन दिले असता काय होते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १००० स्त्रियांवर पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात बाळांना होणाऱ्या गंभीर अपायांचे प्रमाण चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आले. तेव्हा नऊ महिन्यांतील पथ्य निरर्थक आहे, असे कुणी समजू नये. ते आवश्यकच आहे.

परंतु त्या नऊ महिन्यांचे पडसाद किती दूरवर जातात, हे अमेरिकेतील ॲरिझोना प्रांताच्या पिमा नावाच्या आदिवासी जमातीत दिसून आले. ह्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे, ज्या मातांना गर्भारपणी मधुमेह होता त्यांच्या मुलांपैकी ४५ टक्क्यांना विशीच्या आरंभीच मधुमेह जडला होता. ज्या मातांना मधुमेह नव्हता त्यांच्या मुलांत हे प्रमाण १.४ टक्के होते. ह्यावर कुणी म्हणेल, हा तर रक्ताचा वारसा. पण ज्या मातांना मधुमेह बाळंतपणानंतर, पुढील आयुष्यात झाला, त्यांच्या मुलांत ते प्रमाण ८.६ टक्केच निघाले. वंशाचा वारसा दोन्हीकडे सारखा मानला, तरी गर्भाशयातील साखरेने केलेली भर उघड दिसते. ह्या मुलांतील मुली मोठ्या होऊन गर्भवती झाल्या, की हेच चक्र पुन्हा फिरणार.

येथवरचा इतिहास अधिकपणाचा आहे: अधिक साखर, अधिक वजन, अधिक मेद. सुबत्तेच्या देशांत तो पुरेसा वाटत असे. परंतु हिंदुस्थानात ज्या बायकांच्या अंगावर मांस नाही, ज्यांना लहानपणी पोटभर मिळाले नाही, त्यांचीही साखर गर्भारपणी वाढते, ह्याचा अर्थ त्या इतिहासातून लागत नाही. तो लागला जुन्या नोंदवह्यांतून.

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड ह्या आरोग्य निरीक्षिकेच्या हाताखाली एक शिस्त सुरू झाली. प्रत्येक नवजात बालकाचे वजन सुईणीने नोंदवावयाचे. परिचारिकेने वर्षभर त्या घरी जाऊन बाळ काय पिते, कसे वाढते हे पाहावयाचे आणि वर्षाअखेरीस पुन्हा वजन लिहावयाचे. ह्या नोंदींचा पुढे काही उपयोग होईल, असे त्या परिचारिकांच्या स्वप्नातही नसेल. साठसत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर ह्यांच्या चमूला ह्या वह्या सापडल्या. त्यांतील मुले आता म्हातारी झाली होती. १९२० ते १९३० मध्ये जन्मलेल्या ३७० पुरुषांना बोलावून त्यांची रक्तशर्करा तपासण्यात आली. त्यांपैकी ९३ जणांची साखर बिघडलेली आढळली, आणि वह्यांशी ताडून पाहता ह्या लोकांचे जन्माच्या वेळचे वजन इतरांपेक्षा कमी होते. जन्मतः हलके असलेले मूल म्हातारपणी मधुमेहाकडे झुकते, हे १९९१ साली प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसले. दुसऱ्याच वर्षी हेल्स आणि बार्कर ह्यांनी त्याची मीमांसा मांडली. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले, की ते मेंदूसारख्या मुख्य अवयवांना प्रथम पुरवठा करते आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांच्या वाटणीला कात्री लावते. इन्शुलिनची शिल्लक जन्मापूर्वीच तोकडी पडते.

ह्या मीमांसेला दुसरा आधार मिळाला तो हॉलंडमधून, एका भीषण हिवाळ्यातून. १९४४ च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याच्या मदतीसाठी संप पुकारला. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तोडला. त्यात कालवे गोठून जलवाहतूकही थांबली. ॲमस्टरडॅममध्ये माणशी शिधा नोव्हेंबरअखेर दिवसाला हजार उष्मांकांच्या खाली आला आणि पुढे एप्रिलपर्यंत चारशे ते आठशे उष्मांकांवर रेंगाळला. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. १९४५ च्या मे महिन्यात देश मुक्त झाला आणि काही आठवड्यांतच शिधा पूर्ववत झाला. ह्या सर्व काळात शहराच्या विल्हेल्मिना रुग्णालयात बाळंतपणे होत होती, आणि तेथील लोकांनी त्या उपासमारीतही नोंदी ठेवल्या होत्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या नोंदींवरून शोधून काढलेल्या ७०२ व्यक्तींची, वयाच्या पन्नाशीत, साखर तपासण्यात आली होती. दुष्काळात, विशेषतः गर्भारपणाच्या मधल्या वा शेवटच्या महिन्यांत, ज्यांच्या माता उपाशी राहिल्या होत्या, त्यांची साखर दुष्काळाच्या आधी वा नंतर गर्भात असलेल्यांपेक्षा अधिक निघाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या काही महिन्यांची उपासमार त्यांच्या रक्तात अजून लिहिलेली होती.

आता आपल्या देशाकडे वळू. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालयात १९३४ पासूनच्या बाळंतपणांची दप्तरे जपून ठेवलेली होती. बाळाचे वजन, लांबी, डोक्याचा घेर, आईचे वजन, सारे त्यांत होते. कॅरोलाइन फॉल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ती दप्तरे उघडली, तेव्हा इंग्लंडसारखेच उत्तर मिळेल अशी अपेक्षा होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेले उत्तर मात्र वेगळे होते. येथे मधुमेह अधिक आढळला तो जन्मतः लांबीने कमी पण गुटगुटीत असलेल्यांत, आणि ज्यांच्या माता त्यातल्या त्यात वजनदार होत्या त्यांच्या अपत्यांत. संशोधकांनी जो तर्क केला तो फार महत्त्वाचा आहे. ह्या माता स्वतः अपुऱ्या अन्नावर वाढलेल्या, म्हणून त्यांच्या स्वादुपिंडाची शिल्लक तोकडी. पुढे त्या शहरात आल्या, खाणे थोडे सुधारले, कष्ट थोडे कमी झाले, अंग किंचित भरले. आणि तेवढ्यानेच गर्भारपणी त्यांची साखर वाढू लागली. त्या वाढलेल्या साखरेने बाळाला तोकडेपणा आणि मेद असा दुहेरी वारसा दिला. ज्या वजनाला इंग्लंडात कुणी लठ्ठ म्हणणार नाही, तेवढे वजनही ह्या शरीरांना झेपले नाही. कालची उपासमार आणि आजची पोटभर भाकरी ह्यांची गाठ गर्भारपणात पडली, आणि तीतून साखर उपजली. कमतरता आणि अतिरेक हे दोन शत्रू नसून ह्या रोगात ते एकमेकांचे भागीदार आहेत.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि के.ई.एम. रुग्णालयातील त्यांचे सहकारी ह्यांनी हाती घेतलेल्या पाहणीने ह्या चित्राचा दुसरा भाग पुरा केला. ह्या खेड्यांतील शेतकरी माता सरासरीने ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. परंतु पुण्याकडच्या बाळांच्या अंगावरील मेद मोजला, तेव्हा तो त्या प्रमाणात घटलेला नव्हता. घटले होते ते स्नायू. बाळ दिसावयास हडकुळे पण प्रमाणाने मेदयुक्त, असा हा प्रकार होता. आणखी एक गोष्ट ह्या पाहणीत दिसली. माता एकूण किती उष्मांक खाते, किती प्रथिने खाते, ह्याचा बाळाच्या आकारमानाशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो ती दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे किती वेळा खाते ह्याच्याशी. पोट भरणे आणि पोषण होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही घरोघरच्या शहाण्या बायकांना ठाऊक असलेली गोष्ट येथे आकड्यांत उतरली.

पुढे ह्याच निराळेपणाचा संबंध साखरेशीही असल्याचे दिसू लागले. म्हैसूरच्या त्याच रुग्णालयात तपासलेल्या ७८५ गर्भवतींपैकी ४३ टक्के स्त्रियांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूधदुभते, अंडी, मांसमासळी ह्यांतून मिळते. ज्यांच्यात ते कमी होते त्यांच्यात गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण ८.७ टक्के, तर इतरांत ४.९ टक्के निघाले. ही हकीकत २००९ साली प्रसिद्ध झाली. अर्थात, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण झाली, असे होत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो, आणि तो प्रयोग मुंबईत झाला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून राहणाऱ्या बायकांसाठी २००६ साली डॉ. रमेश पोतदार आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 'सरस' ह्या नावाने एक उपक्रम सुरू केला. त्याची कल्पना अगदी साधी होती. गोळ्या नाहीत, औषधे नाहीत. फक्त रोज एक खाण्याचा पदार्थ, नेहमीच्या जेवणाखेरीज. अर्ध्या बायकांच्या पदार्थात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेले असे. उरलेल्या अर्ध्यांच्या पदार्थात बटाटा, कांदा ह्यांसारख्या भाज्या. कुणाला कोणता मिळावयाचा हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविले होते. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की हा पदार्थ दिवस जाण्यापूर्वीपासूनच सुरू करावयाचा होता.

ह्या प्रयोगात ६५१३ स्त्रिया सामील झाल्या. त्यांपैकी २२९१ जणींना दिवस गेले. बाळांच्या वजनात सरसकट पाहता फारसा फरक पडला नाही; ज्यांनी किमान तीन महिने आधीपासून हा पदार्थ घेतला होता त्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅमांची भर दिसली. परंतु साखरेच्या बाबतीत २०१६ साली जे प्रसिद्ध झाले ते लक्षणीय होते. ज्या १००८ गर्भवतींची साखर तपासता आली, त्यांत बटाट्याकांद्याचा पदार्थ खाणाऱ्यांपैकी १२.४ टक्के स्त्रियांना गर्भारपणातील मधुमेह झाला. पालेभाजी, फळे व दूध खाणाऱ्यांत हे प्रमाण ७.३ टक्क्यांवर आले. वजनातील व मेदातील फरक हिशेबात धरला तरी हा लाभ टिकून राहिला. मंडईत कुणालाही मिळेल अशा भाजीच्या जुडीने आणि पेलाभर दुधाने जे साधले, ते साधणारे औषध अद्याप कुणी बाटलीत भरलेले नाही.

ह्या इतिहासाचा अर्थ शासनाने आणि समाजाने काय घ्यावयाचा, ह्याचा विचार केल्याशिवाय तो पुरा होणार नाही. आपल्या देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तीतून गर्भवतींना पूरक आहार मिळू लागला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो त्यांचा हक्क ठरला. हे लहान काम नव्हे. परंतु ह्या योजनांचे माप फार वर्षे उष्मांकांचे आणि प्रथिनांचेच राहिले. २००९ च्या मानकाप्रमाणे गर्भवतीला दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. असे माप कागदावर मांडावयास सोयीचे असते, कारण धान्य पोत्यांत मोजता येते आणि पालेभाजी दुपारपर्यंत सुकते. २०२३ साली ही मानके सुधारून त्यांत आहारातील विविधता आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये ह्यांचा समावेश करण्यात आला, हे योग्यच झाले. साखरेच्या तपासणीचीही सोय झाली आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त पाहावयाचे आणि साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक निघाली तर उपाययोजना करावयाची, अशी सोपी पद्धत केंद्र सरकारने स्वीकारलेली आहे. तिच्यासाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. त्यामुळे दूरच्या गावाहून आलेल्या बाईलाही पुन्हा खेप घालावी लागत नाही.

तरीही एक उणीव राहतेच. आपल्या योजनांत बाईची नोंद होते ती दिवस गेल्यावर. मुंबईचा प्रयोग सांगतो, की पोषण त्याआधीच सुरू व्हावयास हवे होते. म्हैसूरचे दप्तर सांगते, की ते तिच्या बालपणी हवे होते. आणि ॲमस्टरडॅम सांगते, की ते तिच्या आईच्या गर्भारपणी हवे होते. आज ज्या मुलीच्या वाट्याला दुधाचा पेला येत नाही, कारण तो भावाला दिला गेला, तिची साखर पंचवीस वर्षांनी वाढलेली निघेल आणि तेव्हा तिलाच विचारण्यात येईल, 'काय खाल्लेस?' खरे म्हणजे तिला काय मिळाले नाही, हे विचारावयास हवे.

म्हणून गर्भवतीची साखर वाढली तर तिने पथ्य पाळावे, तपासणी चुकवू नये, डॉक्टरांचा सल्ला मानावा. ह्यात तिचे आणि तिच्या बाळाचे निश्चित हित आहे. परंतु तिच्यावर ठपका ठेवू नये. तिच्या रक्तात जी साखर दिसते तिचा हिशेब तिच्या एकटीच्या जिभेशी लागत नाही; तो तिच्या आईच्या, आजीच्या, आणि त्या घरात कोण आधी जेवत असे ह्याच्याशी लागतो. घरातील मुलीच्या ताटात रोज हिरवी भाजी, दूध आणि एखादे फळ पडते की नाही, आणि ती घरातल्या इतरांबरोबरच जेवावयास बसते की नाही, हे पाहणे हाच ह्या व्याधीवरील सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे. शासनाने आपले माप बदलावे, आणि घराने आपली पंगत.